घरातली खरखर आणि रेडिओचा अँटेना : काय निवडावे, कुठे लावावे

बालाघाटपासून नागपूर सरळ रेषेत सुमारे १३५ किलोमीटरवर आहे. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झाले. पुढे १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बालाघाट मध्य प्रदेशात राहिले आणि नागपूर मुंबई राज्यात गेले, पण वैनगंगेच्या या काठावरच्या मराठी घरांना नागपूरचा आवाज येतच राहिला. मध्यम लहरींवर ५८५ किलोहर्ट्झ हे त्याचे स्थान आणि ३०० किलोवॉट ही त्याची ताकद. एवढ्या ताकदीच्या केंद्राला १३५ किलोमीटरचे अंतर भरदिवसाही जड जाऊ नये. तरीही बालाघाट, वारासिवनी, कटंगी, लांजी अशा गावांतल्या घरांत ५८५ चा आकडा लावला, की बोलण्याआधी खरखर ऐकू येते. मग कोणी म्हणते केंद्र कमजोर झाले, कोणी म्हणते सेट जुना झाला, आणि कोणीतरी गच्चीवर आणखी लांब तार ताणतो. तार लांबते तशी खरखरही वाढते.

कारण साधे आहे. लहर पूर्वीइतकीच येते. घरातला विद्युत गोंगाट वाढला आहे. रेडिओला किती मोठा सिग्नल मिळतो याला एकट्याने अर्थ नाही. सिग्नल आणि गोंगाट यांत अंतर किती, यावर ऐकणे अवलंबून असते. आठवडी बाजारात शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नसेल, तर ध्वनिवर्धकाने सगळ्या बाजाराचाच आवाज वाढवून उपयोग नसतो. म्हणून अँटेना निवडताना ‘हा किती पकडतो?’ याआधी ‘हा काय टाळतो?’ हे विचारावे. या लेखातला प्रत्येक सल्ला त्या एका प्रश्नातून निघतो.

आकाशवाणीने गेल्या काही वर्षांत देशभरातली अनेक मध्यम लहरी प्रक्षेपणे बंद केली आहेत. त्यामुळे काहीही विकत घेण्याआधी सेलवरचा रेडिओ घेऊन गावाबाहेर, विजेच्या तारांपासून दूर शेतात जा आणि हवे ते केंद्र त्या वेळी लागते का ते पाहा. तिथे स्वच्छ लागले आणि घरी नाही, तर दोष घरातल्या किंवा आसपासच्या गोंगाटाचा आहे आणि पुढचे सगळे तुमच्या कामाचे आहे.

गोंगाट येतो कुठून

मोबाइलचे चार्जर, एलईडी बल्ब, टीव्ही, वाय-फायचा डबा, इन्व्हर्टर, कमी वीज खाणारे नवे पंखे या सगळ्यांच्या पोटात वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करणारे सर्किट असते. त्या उघडझापीतून जे उपद्रवी प्रवाह निर्माण होतात, ते आत अडवायला फिल्टर लागतो. स्वस्त मालात पैसे वाचवायला पहिला गाळला जातो तो हाच फिल्टर. मग ते प्रवाह घराच्या वायरिंगमध्ये शिरतात आणि भिंतीतली प्रत्येक वायर नको असलेले प्रक्षेपण करू लागते.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या पी.३७२ या शिफारशीत मानवनिर्मित गोंगाटाचे सरासरी आकडे दिलेले आहेत. १ मेगाहर्ट्झवर, म्हणजे मध्यम लहरींच्या पट्टीच्या मधोमध, शहरातला गोंगाट शांत खेड्यातल्यापेक्षा सुमारे २३ डेसिबलने जास्त धरला आहे. शक्तीच्या हिशेबात हा फरक २०० पट होतो. या आकड्यांची मूळ मोजमापे एलईडीच्या कितीतरी आधीची आहेत. बैहरच्या पुढे कान्हाच्या जंगलालगतच्या गावात साधा ट्रान्झिस्टर जे ऐकवतो, ते बालाघाटच्या बाजारपेठेतल्या घरात महागडा सेटही का ऐकवत नाही, याचे उत्तर त्या २०० पटींत आहे.

अंतराचा हिशेब आपल्या बाजूचा आहे. तरंगलांबीला सुमारे सव्वासहाने भागले की जी त्रिज्या येते, तिच्या आत गोंगाटाचे क्षेत्र अंतरागणिक फार वेगाने उतरते. ५८५ किलोहर्ट्झला ही त्रिज्या सुमारे ८० मीटर, तर ७ मेगाहर्ट्झला सुमारे ७ मीटर भरते. या टप्प्यात उगमापासूनचे अंतर दुप्पट केले, तर क्षेत्राची तीव्रता आठव्या भागापर्यंत, म्हणजे १८ डेसिबलने, खाली येऊ शकते. दूरच्या केंद्राची लहर मात्र अंगणात काय आणि परसात काय, सारखीच असते. अँटेना घरापासून दहा पावले लांब नेणे हा म्हणूनच सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

अँटेना घेण्याआधी एक तपासणी

दुपारच्या वेळी सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर हातात घ्या. मध्यम लहरींवर केंद्र नसलेली जागा लावा, म्हणजे नुसती खरखर ऐकू येईल. आता घरचा मेन स्विच बंद करा. इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा, कारण तो मागून घरभर वीज देत राहतो.

खरखर एकदम उतरली, तर उगम तुमच्याच घरात आहे. मेन पुन्हा चालू करा, पण सगळ्या एमसीबी पाडून ठेवा आणि एकेक उचलत जा. ज्या एमसीबीबरोबर खरखर परत येते, त्या सर्किटवरची उपकरणे एकेक करून प्लगमधून काढा. नुसते बटण बंद करणे पुरत नाही. बरीच उपकरणे बटण बंद असतानाही आतून जागी असतात. पुष्कळदा उगम एखाद्या विसरलेल्या चार्जरचा किंवा जिन्यातल्या एका बल्बचा निघतो. बल्ब बदलून पंधरा डेसिबल मिळत असतील, तर तेवढे देणारा अँटेना कुठल्याही दुकानात मिळणार नाही.

उपकरण बदलणे शक्य नसेल, तर त्याची वायर फेराइटच्या कड्यातून तीन-चार वेळा फिरवा. जुन्या मॉनिटरच्या केबलवर जो जाड गोळा असतो, तो फेराइटच. वेढ्यांचा परिणाम वर्गाने वाढतो: एका वेढ्यापेक्षा तीन वेढ्यांचा अडथळा सुमारे नऊपट. हे कडे उपकरणाच्या अगदी जवळ बसवा, म्हणजे पुढची वायर गोंगाट पसरवणार नाही. उपकरणाचे झाकण मात्र उघडू नका; आतल्या कपॅसिटरमध्ये वीज काढल्यानंतरही धोकादायक दाब उरतो.

मेन बंद करूनही खरखर तशीच राहिली, तर उगम शेजारी, गल्लीत किंवा खांबावर आहे. तेव्हा रेडिओ घेऊन फिरा आणि कानाने उगम ओळखा.

सतत चालणारी, खालच्या सुराची घर्रघर्र बहुधा विजेच्या लाइनची असते. तडकलेला इन्सुलेटर किंवा सैल क्लँप यांत ठिणग्या उडतात, त्या ५० हर्ट्झच्या विजेत दर सेकंदाला शंभर वेळा. कोरड्या उन्हाळ्यात ही खरखर वाढते आणि पाऊस पडला की बहुधा दबते. अशा खांबाला हात लावू नका, ताण-तार हलवून पाहू नका. खांबाचा क्रमांक किंवा जवळची खूण टिपून १९१२ या वीज-तक्रार क्रमांकावर कळवा. ‘रेडिओ वाजत नाही’ असे सांगण्याऐवजी ‘खांबावर ठिणग्या उडतात’ असे सांगा. ती सुरक्षेची तक्रार आहे आणि खरीही आहे.

सेकंदा-दीड सेकंदाला एक नेमकी टक्‌ ऐकू येत असेल, तर ते पिकाभोवतीच्या तारेचे झटका मशीन. रानडुकरांपासून धान राखायला ते शेतोशेती असते. कुंपणाच्या तारेला गवत किंवा फांदी टेकली, की तिथे ठिणगी पडते आणि टकटक दूरवर पोचते. शेतकऱ्याशी बोला, गवत काढल्याने त्याचे कुंपणही नीट चालते.

दिवसा असणारी आणि सूर्य मावळताच जाणारी खरखर सौर इन्व्हर्टरची किंवा सौर पंपाच्या कंट्रोलरची. पट्टीवर ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येणारे, हळूहळू सरकणारे गुंजन चार्जरचे किंवा एलईडीच्या ड्रायव्हरचे. आणि मृगाच्या आगेमागे अनियमित कडकड येत असेल, तर ती आकाशातल्या विजेची आहे. तिला बंद करणारा अँटेना नाही, आणि त्या वेळी अँटेना रेडिओपासून काढून ठेवणेच शहाणपणाचे.

आधी असलेला अँटेना वापरा

प्रत्येक ट्रान्झिस्टरमध्ये मध्यम लहरींसाठी फेराइटची काळी कांडी असते. ती साधारणपणे सेटच्या लांबीला समांतर, आडवी बसवलेली असते. वर ओढायची चकचकीत दांडी एफएम आणि लघुलहरींसाठी. मध्यम लहरींवर तिचा उपयोग नसतो.

ही कांडी तिच्या दोन्ही कुशींकडून चांगले ऐकते आणि दोन्ही टोकांच्या दिशेने जवळजवळ काहीच ऐकत नाही. टोकांच्या या दिशेला आपण बहिरी दिशा म्हणू. ऐकण्याची दिशा पसरट असते, बहिरी दिशा मात्र अरुंद आणि धारदार. कांडी योग्य दिशेपासून ४५ अंशांनी वळवली, तरी केंद्राचा सिग्नल फक्त ३ डेसिबलने कमी होतो. ६० अंशांनी वळवली तर ६ डेसिबलने. पण गोंगाट नेमका बहिऱ्या दिशेत आला, तर तो २० डेसिबल किंवा त्याहूनही खाली जाऊ शकतो. म्हणून रेडिओ केंद्राकडे वळवण्याच्या मागे लागू नका. गोंगाट सर्वांत कमी होईल अशी दिशा शोधा. केंद्र बहुधा आपोआप वर येते.

बालाघाटची भौगोलिक जागा यासाठी सोयीची आहे. इथून नागपूर नैर्ऋत्येला, थोडे पश्चिमेकडे झुकून आहे. जबलपूर जवळजवळ थेट उत्तरेला सुमारे १५५ किलोमीटर, आणि रायपूर पूर्व-आग्नेयेला सुमारे १६० किलोमीटर. पट्टीवर नागपूर ५८५, जबलपूर ८०१ आणि रायपूर ९८१ किलोहर्ट्झला. नागपूरसाठी कांडी वायव्य-आग्नेय अशी ठेवावी. त्या स्थितीपासून दोन्ही बाजूंना ४५ अंशांपर्यंत फिरवायला मुभा आहे, म्हणजे तुमच्या गल्लीतली विजेची डीपी किंवा शेजारचा इन्व्हर्टर बहिऱ्या दिशेत आणायला भरपूर वाव आहे. सेट टेबलावर आडवा फिरवा, मग एक बाजू थोडी उचलूनही पाहा. घराच्या वायरिंगमधून येणारा गोंगाट तिरका येतो, तो सेट तिरका केल्यावरच पडतो.

जागाही बदलून पाहा. स्लॅबच्या घरात छतातल्या आणि खांबांतल्या सळया बाहेरची लहर अडवतात आणि आतला गोंगाट आतच ठेवतात. नैर्ऋत्येकडच्या खिडकीत किंवा ओट्यावर सेट ठेवला की फरक लगेच कळतो. कवेलूच्या घरात ही अडचण कमी असते.

मध्यम लहरींसाठी : घरी बांधायचा लूप

एवढ्याने भागले नाही, तर मध्यम लहरींसाठी चौकोनी लूप बांधावा. हे एका सुटीच्या दिवसाचे काम आहे आणि घरातले दहावी-बारावीतले मूलही ते करू शकते.

लाकडाच्या दोन पट्ट्या, प्रत्येकी ८५ सेंटिमीटरची, मधोमध फुलीसारख्या जोडा. चारही टोकांना सात सेंटिमीटर रुंदीचे लाकडी तुकडे आडवे ठोका आणि त्यांवर ६ मिलिमीटरच्या अंतराने ११ खाचा पाडा. आता ६० सेंटिमीटर बाजूचा चौकोन तयार होतो. त्यावर प्लॅस्टिकचे वेष्टन असलेल्या साध्या बारीक वायरचे ११ वेढे घ्या. २७ मीटर वायर लागते. २८ मीटर आणा. वायरची दोन्ही टोके रेडिओच्या जुन्या हवेच्या गँग कंडेन्सरला जोडा. अशा गँगचे दोन भाग असतात. एका भागाची कमाल क्षमता ५०० पिकोफॅरड असेल तर तो एकटा पुरतो. ती ३६५ असेल तर दोन्ही भाग समांतर जोडा, नाहीतर लूप ६३० किलोहर्ट्झच्या खाली उतरणार नाही आणि नेमके ५८५ सुटेल. छोट्या ट्रान्झिस्टरमधला प्लॅस्टिकचा गँग याच कारणाने इथे चालत नाही. जुने रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांकडे, भंगारातल्या सेटमध्ये, असा गँग अजून सापडतो.

रेडिओला कुठलीही वायर जोडायची नाही. ट्रान्झिस्टर लूपच्या जवळ असा ठेवा, की आतली कांडी चौकटीच्या पातळीला काटकोनात राहील. रेडिओवर ५८५ लावा आणि गँग हळूहळू फिरवा. एका जागी आवाज एकदम उसळून वर येईल. तिथे लूप त्या केंद्रावर जुळला. नागपूरसाठी चौकटीची कड नैर्ऋत्येकडे राहू द्या. लूपची बहिरी दिशा चौकटीच्या तोंडासमोर आणि पाठीमागे असते, तेवढे लक्षात ठेवून गोंगाटाकडे तोंड करा.

लूपचा फायदा तीन बाजूंनी होतो. तो दूरच्या लहरीचे चुंबकीय क्षेत्र घेतो, तर घरातल्या वायरिंगजवळ पुष्कळदा विद्युत क्षेत्र जास्त असते. त्याला बहिरी दिशा आहे. आणि तो एकाच केंद्रावर जुळत असल्याने बाजूच्या केंद्रांचा त्रास कमी करतो. मर्यादाही समजून घ्या. एखादा चार्जर हातभर अंतरावर असेल, तर त्याचे चुंबकीय क्षेत्रही लूपमध्ये शिरते. उपकरणांपासून दोन-तीन मीटर दूर राहणे लूपलाही लागतेच.

लघुलहरी आणि हौशी रेडिओसाठी

लघुलहरी ऐकणाऱ्याचा पहिला विचार असतो खिडकीतून बाहेर काढलेल्या लांब तारेचा. ती तार घराच्या भिंतीलगत, वायरिंगला समांतर धावते आणि घरातला सगळा गोंगाट गोळा करते. तार लावायचीच असेल, तर तिची सुरुवातच घराबाहेर, शक्य तितकी लांब करावी आणि तिथून केबलने सिग्नल आत आणावा.

आडवा डायपोल हा परसात दोन झाडे किंवा दोन बांबू असलेल्यांसाठी. घरगुती गोंगाटाचा मोठा भाग जमिनीलगत उभ्या ध्रुवणाने येतो, त्यामुळे आडवी तार उभ्या तारेपेक्षा शांत ठरते. भारतात हौशी रेडिओला मिळालेल्या ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झच्या पट्टीसाठी एकूण लांबी २० मीटर, मधोमध कापून दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर. उंची निदान सहा-सात मीटर असावी. ४१ मीटरच्या प्रक्षेपण पट्टीवरही तो चांगला चालतो. तारेच्या टोकांकडच्या दिशा थोड्या कमी ऐकतात, म्हणून जमल्यास एक टोक घराकडे करा.

लहान लूप, प्रवर्धकासह हा गच्ची किंवा बाल्कनीच असलेल्यांसाठी. एक मीटर व्यासाचा अॅल्युमिनियमच्या नळीचा किंवा जाड तारेचा एकच वेढा, खाली छोटा प्रवर्धक आणि फिरवता येईल असा खांब. विकत घेताना तो संतुलित आहे का, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या वागतात का, हे विचारा. नुसते ‘शिल्डेड’ लिहिलेले पाहून जास्त पैसे देऊ नका. गोंगाट टाळण्याचे काम संतुलन करते, धातूचे वेष्टन हा ते साधायचा एक मार्ग आहे. प्रवर्धकाला मिळणारी वीज बॅटरीची किंवा लोखंडी ट्रान्सफॉर्मरच्या जुन्या अॅडॉप्टरची असावी. मोबाइलच्या चार्जरवर असा लूप चालवणे म्हणजे अँटेनाच्या मुळाशीच गोंगाट सोडणे.

जमिनीवरचा लूप हा अंगण असलेल्यांसाठी, आणि आपल्याकडे फार कमी वापरला जाणारा. साडेचार मीटर बाजूचा चौकोन होईल अशी १८ मीटर वेष्टित वायर सरळ जमिनीवर अंथरायची. एका कोपऱ्यात दोन स्वतंत्र वेढ्यांचा ट्रान्सफॉर्मर आणि तिथून केबल. याचा सिग्नल डायपोलपेक्षा बराच क्षीण असतो, पण गोंगाट त्याहून जास्त उतरतो. सुमारे २ ते १० मेगाहर्ट्झपर्यंत तो उपयोगी पडतो. रेडिओ संवेदनशील हवा, नाहीतर एक छोटा प्रवर्धक जोडावा. पावसाळ्यात वायर चिखलात बुडू नये आणि गवत कापताना तुटू नये, म्हणून ती जमिनीपासून बोटभर वर खुंट्यांवर ठेवली तरी चालते.

बेव्हरेज हा शेती असलेल्यांसाठी. हॅरॉल्ड बेव्हरेज या अमेरिकी अभियंत्याला या अँटेनाचे पेटंट १९२१ साली मिळाले. जमिनीपासून दोन-तीन मीटर उंचीवर निदान एक तरंगलांबी लांब तार, म्हणजे ७ मेगाहर्ट्झसाठी ४० मीटरच्या पुढे, धुऱ्यावरून सरळ ताणायची. दूरच्या टोकाला सुमारे ४५० ते ५०० ओहमचा रोधक लावून तो जमिनीला जोडायचा. ज्या दिशेला रोधकाचे टोक, त्या दिशेचे केंद्र हा उत्तम ऐकतो आणि पाठीमागचे, म्हणजे गावाकडचे, बऱ्याच अंशी सोडून देतो. मध्यम लहरींसाठी मात्र तो फार लांब होतो. ५८५ किलोहर्ट्झची तरंगलांबीच ५१३ मीटर आहे. झटका मशीनच्या तारेजवळून किंवा तिला समांतर तो नेऊ नका.

उभी लहान कांडी, जिला मिनी व्हिप म्हणतात, ती दिसायला आकर्षक आणि जागेला सोयीची. पण ती विद्युत क्षेत्रच घेते आणि घरातला गोंगाट नेमका तिथेच जास्त. मोकळ्या जागी, घरापासून लांब, उंच आणि स्वतःच्या चांगल्या अर्थिंगसह लावली तर ती उत्तम ऐकते. बाल्कनीच्या कठड्यावर लावायला घेऊ नका.

नुसते ऐकणाऱ्यांसाठी एवढे पुरे. हवेत बोलायचे असेल, तर दूरसंचार विभागाचा हौशी रेडिओ परवाना लागतो, आणि परवानाधारकांनीही प्रक्षेपणाचा अँटेना आणि ऐकण्याचा अँटेना वेगळे ठेवावेत. प्रक्षेपणाला कार्यक्षमता हवी, ऐकण्याला शांतता. एकाच तारेत दोन्ही क्वचित जमतात.

केबलकडे दुर्लक्ष नको

चांगला अँटेना चांगल्या जागी लावूनही खरखर राहिली, तर एक तपासणी करा. केबल तशीच ठेवून तिच्या दूरच्या टोकाला अँटेना सोडवा. खरखर जवळजवळ तेवढीच राहिली, तर ती अँटेनातून येतच नव्हती. केबलच्या जाळीच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून घरातला गोंगाट धावत अँटेनापर्यंत जातो आणि तिथून आत शिरतो. लोक अँटेनामागून अँटेने बदलतात आणि दोष या केबलचा असतो.

उपाय म्हणजे चोक. ६१ मिलिमीटर व्यासाचे, ३१ क्रमांकाच्या मिश्रणाचे फेराइट कडे घ्या आणि त्यातून बारीक केबलचे १० ते १२ वेढे फिरवा. असा एक चोक अँटेनापाशी आणि दुसरा रेडिओपाशी लावा. पैसे एकाच कड्याचे असतील तर ते अँटेनापाशी लावा. केबल भिंतीतल्या वीजवाहिनीला समांतर नेऊ नका. ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा.

संगणकाला जोडायच्या डोंगल रेडिओत यूएसबीची वायर हीच गोंगाटाची वाट असते. लॅपटॉप बॅटरीवर चालवा, चार्जर प्लगमधून काढा आणि यूएसबीच्या वायरीवरही एक फेराइट चढवा.

अर्थिंग आणि आकाशातली वीज

घराच्या अर्थिंगमध्ये सगळ्या उपकरणांचा गोंगाट वाहत असतो. ते अँटेनाला जोडले की तो थेट रेडिओत येतो. लांब तारेला अर्थिंग हवे असेल, तर अँटेनाच्या बुडाशी वेगळी सळई ठोका आणि मधे स्वतंत्र वेढ्यांचा ट्रान्सफॉर्मर ठेवा, म्हणजे घराचे अर्थिंग आणि ही सळई यांचा विद्युत संबंध येणार नाही. दोन वेगळ्या अर्थिंगमध्ये दाबाचा फरक असू शकतो, म्हणून मेनवर चालणाऱ्या सेटला अशी सळई थेट जोडू नका. उपकरणांचे मूळ सुरक्षा-अर्थिंग मात्र कधीही तोडू नका. खरखर कमी करायला तिसरी पिन काढणे जिवावर बेतू शकते.

वीज पडून होणाऱ्या मृत्यूंत मध्य प्रदेश देशात वरच्या क्रमांकांत असतो. गच्चीवरचा किंवा शेतातला अँटेना ढग दाटण्याआधीच रेडिओपासून सोडवा आणि केबलचे टोक घराबाहेर ठेवा. गडगडाट ऐकू आल्यावर केबल हातात धरायला जाऊ नका. मे ते सप्टेंबर ऐकून झाले की अँटेना काढून ठेवायची सवयच लावून घ्या. आणि कुठलीही तार विजेच्या लाइनवरून, लाइनखालून किंवा तुटली तर लाइनवर पडेल अशा जागी ताणू नका. सेवा-तारेलाही हाच नियम.

तुमच्या घराला काय

बाजारातले दाटीचे घर किंवा फ्लॅट असेल, तर सेलवरचा सेट, घरी बांधलेला लूप आणि नैर्ऋत्येची खिडकी. लघुलहरींसाठी गच्चीवर फिरणारा लहान लूप. अंगण-परस असलेल्या घराला मध्यम लहरींसाठी तोच लूप, लघुलहरींसाठी जमिनीवरचा लूप किंवा परसातला आडवा डायपोल. शेतात घर असेल तर आधी साध्या ट्रान्झिस्टरने ऐकून पाहा, बहुधा तेवढ्याने भागते. दूरचे ऐकायचे असेल तर बेव्हरेज.

एफएमवर गोंगाटाचा त्रास कमी, पण एलईडीची खरखर तिथेही येते. बालाघाटच्या आकाशवाणीचे एफएम तुटक येत असेल, तर सुमारे ७१ सेंटिमीटरच्या दोन भुजांचा साधा डायपोल खिडकीबाहेर लावा. तो आधी उभा, मग आडवा धरून जो चांगला चालेल तसा बसवा.

खर्चाचा क्रमही याच विचाराने ठरवा. पहिला दिवस मेन स्विचच्या तपासणीचा. त्याला पैसे लागत नाहीत. दुसरा खर्च दोषी बल्ब-चार्जर बदलण्याचा आणि फेराइट कड्यांचा. तिसरा लूपच्या लाकडाचा आणि वायरचा. नवा अँटेना किंवा नवा सेट यानंतर. प्रत्येक टप्प्यावर त्याच वेळी, त्याच केंद्रावर ऐका आणि काय बदलले ते वहीत टिपून ठेवा, कारण कालची खरखर कानाला आठवत नाही. या क्रमाने गेलेल्या बहुतेक घरांचे काम तिसऱ्या टप्प्यापर्यंतच होईल. आणि शेजाऱ्याचा दोषी बल्ब सापडला, तर तक्रार करण्याआधी त्याला तुमच्याकडे बोलावून फरक ऐकवा. चांगला बल्ब त्याच्या खर्चाने नाही तर तुमच्या खर्चाने बसवावा लागला, तरी तो कुठल्याही अँटेनापेक्षा स्वस्त पडेल.